कंपनीतर्फे आखाड्यात कोण उतरणार?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकातल्या क्रॉसओव्हर फायटिंग गेमवरच्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. वेगवेगळ्या कंपन्यांची पात्रं एकाच आखाड्यात आणायची तर प्रत्येक कंपनीतर्फे कोण, हा बहुतेकांचा मुद्दा. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून दिले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे ऐरोलीत इंजिनिअरिंगला आहोत. कॉलेज फेस्टसाठी टू-डी फायटिंग गेम करतोय. आठ कंपन्या, प्रत्येकीचा एक लढवय्या : निन्टेन्डो, सेगा, कॅपकॉम, कोनामी, बंदाई नामको, स्क्वेअर एनिक्स, सोनी, मायक्रोसॉफ्ट. मारिओ, सॉनिक आणि पॅक-मॅनवर एकमत झालं, पुढे भांडण. कॅपकॉमतर्फे रियू की मेगा मॅन? कोनामीतर्फे स्नेक, सायमन की बॉम्बरमॅन? हातात तीन महिने आहेत.

उत्तर : भांडण ‘जास्त प्रसिद्ध कोण’ यावर चाललं असेल तर ते फेस्टपर्यंत मिटणार नाही. आधी हे पाहा, की त्या पात्राच्या मूळ गेममध्ये खेळणारा नेमकं काय करतो, आणि त्यातल्या किती गोष्टींचा फटका, बचाव किंवा सापळा बनवता येतो. कंपनीची ओळख चेहऱ्यावर जेवढी असते, त्याहून जास्त मूव्हसेटमध्ये, म्हणजे त्याच्या फटक्या-चालींच्या संचात असते.

तुमच्या यादीतला पॅक-मॅनच घ्या. १९८०च्या गेममध्ये तो फक्त खातो आणि पळतो, मारामारीशी त्याचा संबंध नाही. २०१४च्या ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये (निन्टेन्डोचा क्रॉसओव्हर फायटिंग गेम, पुढे नुसता ‘स्मॅश’) त्याला घेतलं तेव्हा फळं फेकायला दिली : चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद, खरबूज, मग गॅलेक्सियनचं यान, घंटा आणि शेवटी किल्ली. मूळ मशीनवर बोनस ज्या क्रमाने यायचा तोच हा क्रम. बटण जितकं धरून ठेवाल तितकं पुढचं फळ. वर उडी मारायला ट्रॅम्पोलिन दिलं, ते ‘मॅपी’मधलं. पाण्याचा नळखांब ‘पॅक-लँड’मधला. म्हणजे एका पात्राच्या हातात नामकोचे चार जुने गेम आले. प्रतिनिधी निवडायचा तो असा.

आता कृती. प्रत्येक उमेदवाराचं नाव एका कागदावर लिहा आणि खाली त्याच्या स्वतःच्या गेममधल्या बारा कृती लिहून काढा. जाहिरातीत किंवा कार्टूनमध्ये दिसलेल्या चालत नाहीत, खेळणाऱ्याच्या बटणातून होणाऱ्याच हव्यात. बारापैकी आठ भरता आल्या तर पात्र पक्कं. पाच-सहावर गाडी अडली तर उरलेले फटके तुम्हाला मनाने रचावे लागतील, आणि मग ते कुणाचेही वाटतील. सॉनिकच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. तो धावतो, उडी मारतो आणि गोळा होऊन फिरतो. ‘स्मॅश’मध्येही त्याच्या दोन खास चाली गोळा होऊन घरंगळण्याच्याच आहेत आणि समोरच्याला पटकन कळत नाही की यातली कुठली येतेय. त्याला घेताना रिंग, स्प्रिंग, वळसे, भिंतीवरून धावणं यांतून वेगळ्या दिसणाऱ्या चाली मुद्दाम काढा.

रियू आणि मेगा मॅन, दोघेही १९८७चे. रियूचे फटके तयारच आहेत, पण ते स्टिक पाव गोल फिरवून बटण दाबण्यावर उभे आहेत. ‘स्मॅश’मध्ये तो आला तेव्हा त्याच्या जुन्या कमांड ठेवल्या आणि तशा मारल्यास फटका जास्त जोरदार केला, कारण त्या काढल्या असत्या तर रियूमध्ये फारसं काही उरलं नसतं. तुमचा गेम एका बटणावर एक खास चाल अशा पद्धतीचा असेल, आणि पहिल्याच गेमसाठी तो तसाच असावा, तर मेगा मॅन घ्या. हरवलेल्या प्रत्येक बॉसचं शस्त्र त्याला मिळतं, त्यामुळे मेटल ब्लेड, क्रॅश बॉम्बर, लीफ शील्ड अशी यादी बारावर न थांबता पुढे जाते. कुणीतरी कॅप्टन कमांडोचंही नाव काढेल. त्याचं नावच कंपनीच्या नावावरून बेतलेलं आहे आणि ऐंशीच्या दशकात तो कॅपकॉमच्या माहितीपत्रकांवर झळकायचा. तरी आज त्याला पाहून कॅपकॉम आठवणारे मोजके. नाव जुळतं म्हणून जागा देऊ नका.

कोनामीचं जरा अवघड आहे. ‘मेटल गिअर’चा स्नेक हा लपून जाणारा माणूस. त्याच्या बंदुका ‘स्मॅश’ने घेतल्याच नाहीत, ग्रेनेड, क्षेपणास्त्रं आणि चिकटवायचे स्फोटक यांवर त्याला उभं केलं. बॉम्बरमॅन मुळात हडसन कंपनीचा. हडसन २०१२मध्ये कोनामीत विलीन झाली तेव्हा तो कोनामीकडे आला. गंमत अशी की त्याचा बॉम्ब चौकटींच्या मैदानात वरून पाहताना अधिकच्या चिन्हासारखा (+) फुटतो, वाटा अडवतो. बाजूने दिसणाऱ्या आखाड्यात चौकटीच नाहीत, त्यामुळे निम्मी मजा जाते. ‘कॅसलव्हेनिया’च्या सायमन बेलमाँटचं तसं होत नाही, त्याचा गेम मुळातच बाजूने दिसणारा आहे. चाबूक, फेकायची कुऱ्हाड, उलटून परत येणारा क्रॉस, जमिनीवर पेटणारं पवित्र पाणी, सगळं जसंच्या तसं उतरतं. आमचं मत सायमनला, आणि त्याचं दुसरं कारण पुढे येतं.

एकेक पात्र वेगवेगळं निवडलं की एक चूक हमखास होते. मारिओ, पॅक-मॅन, मेगा मॅन, बॉम्बरमॅन, सोनीचा सॅकबॉय, ड्रॅगन क्वेस्टचा स्लाइम अशी यादी केली तर प्रत्येक निवड एकटी बरोबर आहे, पण एकत्र ठेवल्यावर सहा बुटके गोलमटोल उभे राहतात. कुणाचाही हात लांब नाही, कुणी जड नाही. म्हणून आठही जणांच्या बाह्याकृती पूर्ण काळ्या रंगात भरा, ६४ पिक्सेल उंचीला आणा आणि गेम न खेळणाऱ्या पाच जणांना दोन-दोन सेकंद दाखवा. दोन आकृत्यांत गोंधळ झाला तर त्यातली एक बदला. नुसते उभे नको, फटका मारतानाचेही दाखवा.

या चाळणीतून आमची यादी अशी निघते. मारिओ सर्वसाधारण, नवख्याला देण्यासारखा. सॉनिक अंगावर धावून जाणारा. मेगा मॅन लांबून मारा करणारा. पॅक-मॅन सापळेवाला. सायमन हात लांब पण हालचाल मंद. स्क्वेअर एनिक्सतर्फे क्लाउड, मोठ्या तलवारीसाठी. आता पकडून आपटणारा जड गडी कुणीच नाही, म्हणून सोनीतर्फे ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटॉस. त्याच्या साखळीच्या तलवारी सायमनच्या चाबकाशी टक्कर घेतील, त्या कमी करा आणि त्याच्या गेममधल्या पकडीवर भर द्या. मायक्रोसॉफ्टतर्फे मास्टर चीफ डोळ्यांसमोर येतो, पण त्याचा जीव बंदुकीत. २००५च्या ‘डेड ऑर अलाइव्ह ४’मध्येही ‘हेलो’तर्फे तो आला नाही, त्याच्या जागी वेगळी स्पार्टन योद्धी आली. आम्ही माइनक्राफ्टचा स्टीव्ह म्हणू, पण एका इशाऱ्यासह : ‘स्मॅश’मध्ये त्याला ठोकळे रचता यावेत म्हणून सगळ्या मैदानांवर पुन्हा काम करावं लागलं होतं. तुमची मैदानं दोनच असतील तर हरकत नाही. नाहीतर मायक्रोसॉफ्टचीच अस्वल-पक्ष्याची जोडी, बँजो आणि काझूई.

आणि आता वेळेचा हिशेब, जो पत्रात कुठेच दिसला नाही. उभं राहणं, चालणं, धावणं, उडी, पडणं, उतरणं, बसणं, बचाव, जमिनीवरचे तीन फटके, हवेतले दोन, तीन खास चाली, पकड, मार खाण्याचे दोन प्रकार, आडवं होणं, उठणं आणि विजय : एका पात्राची बावीस ॲनिमेशन झाली. प्रत्येकी सरासरी सहा चित्रं धरली तरी १३२. आठ पात्रांची हजारावर. तुमच्यात चित्र काढणारा एकच असेल आणि तो दिवसाला बारा चित्रं साफ करून देत असेल, तर ८८ दिवस यातच गेले, आवाज आणि चाचणी बाजूलाच. चार पात्रांवर या. मारिओ, मेगा मॅन, सायमन, क्रेटॉस हे चौघे एकमेकांपासून सगळ्यात लांब आहेत.

हे सगळं फेस्टमधल्या टेबलापुरतं. गेम बाहेर सोडायचा विचार असेल तर खाली घोडबंदरच्या वाचकांना दिलेलं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : क्रॅश बँडिकूट हा सोनीचा मॅस्कॉट, म्हणजे ओळखीचा चेहरा होता ना? मग २०१२च्या ‘प्लेस्टेशन ऑल-स्टार्स बॅटल रॉयल’मध्ये तो का नव्हता? — एक वाचक, वाशी

उत्तर : जाहिरातीत सोनीचा, कागदावर दुसऱ्याचा. १९९६चा पहिला गेम नॉटी डॉगने केला, पण पात्राचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. २००१मध्ये सोनीने नॉटी डॉग विकत घेतली तेव्हा स्टुडिओ आला, क्रॅश नाही आला. पुढे हक्क विवेंडीच्या वाटेने २००८मध्ये ॲक्टिव्हिजनकडे गेले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतल्यावर क्रॅश आज मायक्रोसॉफ्टच्या रांगेत उभा आहे. स्पायरोचंही तेच.

त्या गेममध्ये एक मजेशीर गोष्ट मात्र होती. शेवटचा शत्रू पॉलिगॉन मॅन. प्लेस्टेशन अमेरिकेत येण्याआधी १९९५च्या सुमारास तयार केलेला आणि लगेच टाकून दिलेला हा मॅस्कॉट. नाकारलेल्या चेहऱ्याला खलनायक करणं ही निवड आम्हाला त्या अख्ख्या पात्रयादीत सगळ्यात हुशारीची वाटते. त्याउलट वीस जणांत ‘इन्फेमस’च्या कोलला चांगला आणि वाईट अशा दोन जागा दिल्या, तिथे नाराजी ओढवून घेतली. एकाच माणसाचे दोन अवतार घ्यायचेच असतील तर ‘स्मॅश’ मालिकेतल्या पुढच्या ‘स्मॅश अल्टिमेट’सारखं करावं. तिथे दुसऱ्या पात्रासारख्याच खेळणाऱ्या सात पात्रांना ‘एको’ म्हणून मूळ पात्राचाच क्रमांक दिला आहे, त्यामुळे कुणाची जागा गेल्यासारखी वाटत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला लुडोचा लढवय्या करायचा आहे. मित्र म्हणतो, लुडोत कुणी माणूसच नाही, मग मारामारी कशी करणार? — नेरूळ

उत्तर : मित्राला सांग, माणूस नसला तरी चालतं. १९९६च्या ‘फायटर्स मेगामिक्स’मध्ये सेगाने ‘डेटोना यूएसए’ची हॉर्नेट गाडीच उतरवली होती. ती मागच्या चाकांवर उभी राहून पुढच्या चाकांनी ठोसे मारते. ‘स्मॅश’मधला मिस्टर गेम अँड वॉच ही तर १९८०पासूनच्या छोट्या हातातल्या खेळांवरची काळी सपाट आकृती. त्याची हालचालही मुद्दाम तुटक ठेवली आहे, जुन्या एलसीडी पडद्यासारखी. ‘डक हंट’मध्ये खेळणारा दिसतच नाही, तर तिथले कुत्रा आणि बदक एकत्र एक पात्र झाले.

शिवाय तू नवी मुंबईत राहतोस, आणि ‘लुडो किंग’ बनवणारी गेमेशन कंपनी नवी मुंबईचीच. त्यांचं नाव, चित्रं किंवा मुकुट मात्र घेऊ नकोस, ते त्यांचं आहे. लुडो हा खेळ कुणा एकाचा नाही, त्यामुळे सोंगटी तुझी तू काढ.

आता फटके शोधू. लुडोत आपण काय करतो? फासा टाकतो, सोंगटी बाहेर काढतो, दुसऱ्याची मारून घरी पाठवतो, सुरक्षित घरात थांबतो. सहा पडले की पुन्हा डाव, आणि लागोपाठ तीन सहा पडले की डाव जातो. यातून पाच चाली लगेच मिळतात. फासा हा मुख्य फटका : १ पडला तर हलका, ६ पडला तर जोरदार आणि लगेच दुसरा फटका फुकट. तिसऱ्यांदा सहा आला तर तुझाच गडी क्षणभर गोठतो. सुरक्षित घर म्हणजे बचाव. ‘मारून घरी पाठवणं’ म्हणजे समोरच्याला मैदानाच्या त्याच्या टोकाला परत फेकणं.

एक काळजी घे. निव्वळ नशिबावर सोडलंस तर हरणारा चिडतो. गेम अँड वॉचच्या हातोड्यावर १ ते ९ आकडा येतो. ९ आला की समोरचा उडतो, १ आला की मारणाऱ्यालाच लागतं. पण आत एक नियम दडलेला आहे : नुकतेच आलेले दोन आकडे लगेच पुन्हा येत नाहीत. तूही सहा आकड्यांच्या सहा चिठ्ठ्या धर, एक काढली की बाकीच्या संपेपर्यंत ती परत टाकू नको. म्हणजे दर सहा फटक्यांत एकदा सहा नक्की येईल आणि लक्ष ठेवणाऱ्याला अंदाज बांधता येईल. मग तीन सहांचा नियम मात्र लागूच होणार नाही, कारण लागोपाठ सहा जास्तीत जास्त दोनदाच येईल. तो नियम दोन सहांवर आण.

प्रश्न : आम्ही दोघं घोडबंदर रोडला राहतो, नोकरी सांभाळून गेम करतो. प्रसिद्ध मॅस्कॉट घेऊन केलेला फॅन गेम फुकट दिला तर चालेल ना? पैसे कमवायचे नाहीत.

उत्तर : फुकट दिल्याने हक्क मिळत नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा यांना काही सूट आहे. सगळ्या जगाला डाउनलोड करायला ठेवलेला गेम खासगी राहत नाही. पात्राचं नाव आणि बोधचिन्ह यांना १९९९चा ट्रेडमार्क कायदाही लागू होतो. २०१६मध्ये मेट्रॉइडवरचा ‘एएमटूआर’ हा वर्षानुवर्षं मेहनत करून फुकट दिलेला गेम निन्टेन्डोच्या नोटिशीनंतर काढून घ्यावा लागला. सेगाचा हात सैल आहे, २०१७चा ‘सॉनिक मेनिया’ तर फॅन गेम करणाऱ्यांकडूनच करून घेतला. पण तो त्यांनी दिलेला परवाना होता. त्यावरून ‘सेगा काही म्हणत नाही’ असा नियम काढू नका.

काय तुमचं आहे ते नीट समजून घ्या. नियम, मीटर, नियंत्रणाची पद्धत, म्हणजे खेळाची कल्पना कॉपीराइटमध्ये अडकत नाही. तुमचा कोड आणि तुमची चित्रं तुमची. चेहरा, नाव, आवाज, संगीत त्यांचं. म्हणून गेम आधी बिनचेहऱ्याच्या बाहुल्यांवर पूर्ण करा. हा कमीपणा नाही. मासाहिरो साकुराई यांनी ‘स्मॅश’चा पहिला नमुना असाच केला होता, सातोरू इवाता यांनी त्याचं प्रोग्रॅमिंग केलं, आणि निन्टेन्डोची पात्रं नंतर आली. १९९९च्या पहिल्या गेममध्ये ती बारा होती.

चेहरे हवेतच तर छोट्या स्टुडिओंना विचारा. ‘रायव्हल्स ऑफ ईथर’ने शॉव्हेल नाइट आणि ओरी रीतसर घेतले. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ काढला. असे स्टुडिओ आपल्या जवळ आहेत, ई-मेलला उत्तर मिळण्याची शक्यता जपानच्या मोठ्या कंपनीपेक्षा इथे बरी. ‘हो, घ्या की’ एवढ्या व्हॉट्सॲप मेसेजवर मात्र काम सुरू करू नका. पत्रात हे हवंच : कुठलं पात्र आणि कुठला पोशाख, चित्र, नाव, आवाज, संगीत यांपैकी काय काय, कुठल्या यंत्रांवर, किती वर्षं, अंतिम चित्राला मान्यता कोण देणार आणि किती दिवसांत, त्या पात्राला हरताना, रडताना, रक्त येताना दाखवता येईल का, पैसे मिळाले तर वाटा कसा, आणि मुदत संपल्यावर विकत घेतलेल्यांच्या प्रतीचं काय.

शेवटचं कलम लोक विसरतात. मार्व्हलचा परवाना संपला तेव्हा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आणि ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ डिसेंबर २०१३मध्ये डिजिटल दुकानांतून उतरवले गेले. त्यातल्या पहिल्या गेमला परत यायला थेट २०२४च्या संग्रहाची वाट पाहावी लागली. संगीताचा वेगळा उल्लेख का, तर क्लाउड ‘स्मॅश’मध्ये आला तेव्हा त्याच्याबरोबर सुरुवातीला दोनच धून आल्या. पात्र मिळालं म्हणजे बाकीचं आपोआप मिळत नाही. ‘किंग्डम हार्ट्स’च्या सोराचं आणखी वेगळं : हक्क डिस्नेचे, म्हणून डोनाल्ड आणि गूफी आलेच नाहीत, मिकीची खूण चावीच्या साखळीवर तेवढी राहिली.

तुमचं स्वतःचं पात्र जमलं तर त्याचं नाव आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा, वर्ग ९ सॉफ्टवेअरचा आणि ४१ मनोरंजन सेवेचा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगासाठी प्रति वर्ग ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षं टिकते. आपल्या भागासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. बाहुल्या आणि खेळणी काढायचा बेत असेल तर वर्ग २८, पण आजच तिथे पैसे घालायची घाई नको.

प्रश्न : आमच्या गेममध्ये एका कंपनीचं पात्र मोठा राक्षस आहे. दिसायला जबरदस्त, पण चाचणीत कायम हरतो. ताकद वाढवली तरी फरक नाही. — खारघर

उत्तर : ताकद हा त्याचा आजार नाही. मोठ्या अंगाला मार बसणारी जागा मोठी, त्यामुळे दुसऱ्यांचे जे फटके इतरांना चुकतात ते त्याला लागतात आणि सलग मालिकाही त्याच्यावरच पूर्ण बसतात. वर तो हळू. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. राक्षसाचा फटका सुरू व्हायला २५ फ्रेम लागत असतील तर समोरचा निवांत बघून बाजूला होतो. नुकसान दुप्पट केलंत तरी न लागलेल्या फटक्याचं दुप्पट शून्यच.

पुढील क्रमाने बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर वीसेक सामने खेळून पाहा. शिंगं, शेपूट, खांद्याची टोकं, झगा यांवरून मार बसणारा चौकोन काढून घ्या, तो धड आणि डोकं एवढाच ठेवा. मग जड फटक्यांना सुरुवातीच्या काही फ्रेमपुरतं चिलखत द्या, म्हणजे एक हलका फटका खाऊनही त्याची चाल तुटणार नाही. ‘अल्टिमेट’मध्ये बाउझर किरकोळ फटक्यांनी डगमगत नाही, ते असंच. एखादा तरी झटपट फटका द्या, सहा-सात फ्रेममध्ये सुरू होणारा, अंगाशी आलेल्याला ढकलण्यापुरता. वजन शेवटी वाढवा. तिथे बाउझर १३५, मारिओ ९८ आणि जिगलीपफ ६८ आहे. तुमची पात्रंही मधल्याच्या दीडपटीच्या आत ठेवा, त्यापलीकडे तो उडतच नाही आणि सामना रेंगाळतो.

मूळ गेममधल्या उंचीचा हट्ट धरू नका. ‘पिकमिन’चा ओलिमार मुळात बोटाच्या पेराएवढा आणि ‘मेट्रॉइड’चा रिडली प्रचंड, तरी दोघं एकाच मैदानात उभे आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मतदान घेऊन पात्रं ठरवावीत का? — कोपरखैरणे

उत्तर : घ्या, पण निकाल बांधील नाही हे आधीच जाहीर करा. निन्टेन्डोने ‘स्मॅश’साठी २०१५मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर जगभरातून मतं मागवली होती. डिसेंबरात बेयोनेटा जाहीर झाली, तीही ‘ज्यांच्यासाठी बोलणी शक्य आहेत त्यांच्यात पहिली’ म्हणून. खरा पहिला क्रमांक सोराचा होता, हे २०२१मध्ये तो प्रत्यक्ष आला तेव्हा सांगितलं गेलं.

नावांची यादी देऊन टिक मागू नका, वरच्या नावांना मतं जास्त पडतात. रिकामी जागा द्या आणि सोबत एक अट घाला : त्या पात्राची एक चाल लिहा. चाल न लिहिता आलेलं मत अर्धं धरा. ज्याला चेहरा आवडतो आणि ज्याला तो खेळायचा आहे, ते दोघे यातून वेगळे होतात.

प्रश्न : पाचपाखाडीतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळात मुलांसाठी ‘स्मॅश अल्टिमेट’चा सामना ठेवतोय. एकच कन्सोल, सोळा मुलं, आरतीआधी दोन तास. कुठली पात्रं ठेवावीत?

उत्तर : सगळ्यात आधी घरी बसून पात्रं उघडून ठेवा. नव्या गेममध्ये मारिओ, डाँकी काँग, लिंक, सॅमस, योशी, कर्बी, फॉक्स आणि पिकाचू हे आठच असतात, बाकीची बहुतेक खेळत खेळत मिळतात. ऐन मंडपात सॉनिक हवा म्हणून मूल रडायला लागलं तर काही करता येत नाही.

नवखी मुलं माराने कमी आणि स्वतःच कडेवरून पडून जास्त हरतात. म्हणून हवेत पुन्हा पुन्हा उडी घेणारी पात्रं पुढे करा : कर्बीला हवेत पाच उड्या मिळतात. मारिओ, योशी, पिकाचू, डाँकी काँगही चालतील. सॉनिक मागतीलच, द्या, पण तो वेगात थेट मैदानाबाहेर जातो हे आधी सांगा. स्टीव्हला खाणकाम करून साहित्य गोळा करावं लागतं, पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते उमजत नाही. लिटल मॅक जमिनीवर वाघ आणि हवेत दगड, त्याला लपवा. दोघांना मारिओच हवा असला तर वाद नको, प्रत्येक पात्राचे आठ पोशाख आहेत.

मोठ्यांच्या स्पर्धेत तीन जीव आणि सात मिनिटं असतात. तुम्ही दोन जीव, चार मिनिटं ठेवा, मैदानात पडणाऱ्या वस्तू बंद. सोळा जणांच्या बाद पद्धतीत १५ सामने, खेळाडू बदलायला दोन मिनिटं धरली तर जास्तीत जास्त ९० मिनिटं. उरलेल्या अर्ध्या तासात पहिल्या फेरीत हरलेल्या आठ जणांना चार-चारच्या दोन मोकळ्या लढती द्या. कंट्रोलर चार न्या, दोन चार्जिंगला ठेवा, आणि पात्र निवडायला प्रत्येकाला वीस सेकंद, त्यानंतर मारिओ.